आक्रमक खेळाडूसमोर मोठी जोडी: मांडवीवरच्या पोकर टेबलाची सहा महिन्यांची नोंद

ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा आला आणि माझा पोकरचा रोजचा ऑनलाइन सराव एकाएकी थांबला. त्यानंतर महिन्यातला एक शनिवार-रविवार मोकळा ठेवायचा, पुण्याहून रात्रीच्या बसने पणजी गाठायची, संध्याकाळी जेट्टीवरून लहान बोटीने मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनोवर जायचे आणि 100–200 ब्लाइंडच्या (दर हाताला दोन खेळाडूंनी पत्ते बघण्याआधीच लावायच्या 100 आणि 200 रुपयांच्या) नो-लिमिट होल्डेम टेबलावर, म्हणजे दोन पत्ते हातात आणि पाच पत्ते सर्वांचे अशा पोकरच्या प्रकारात, सात-आठ तास बसायचे, असा क्रम मी लावून घेतला. अशा अकरा बैठका आता पूर्ण झाल्या आहेत. या नोंदीत मी एकाच प्रश्नाचा विचार करणार आहे: समोरचा खेळाडू सतत रेज करत (म्हणजे लावलेली रक्कम वाढवत) असताना आपल्या हातात एक्के, बादशहा किंवा राण्यांची जोडी आली, तर तिचे काय करावे?

हा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. एक्क्यांची जोडी सरासरी 221 हातांतून एकदा मिळते. बादशहा आणि राण्याही धरल्या, तर प्रमाण साधारण 74 हातांतून एकदा असे पडते. खऱ्या टेबलावर डीलर तासाला पंचवीस-तीस हातच वाटू शकतो. म्हणजे अशी जोडी बघायला अडीच-तीन तास वाट पाहावी लागते, आणि तेवढ्या वेळात ब्लाइंड व प्रत्येक पॉटमधून (मध्ये जमलेल्या पैशांतून) कापला जाणारा रेक, म्हणजे कॅसिनोचा वाटा, आपल्या चिप्स खातच असतो. ऑनलाइन खेळताना एका रात्रीत जितके हात बघायला मिळत, तितके येथे महिनाभरात मिळत नाहीत. माझ्या वहीत अकरा बैठकांत मिळून अशा 27 जोड्यांची नोंद आहे. त्यांतील एकही जोडी चुकीची खेळणे परवडणारे नाही.

या टेबलावर आक्रमक खेळाडूंची वाण नाही. सुट्टीसाठी आलेले, दिवाळीच्या तीन पत्तीवर हात बसलेले आणि न बघता चाल वाढवण्यात आनंद मानणारे बरेच जण येथे भेटतात. पत्ते न बघता चाल दुप्पट केली की समोरचा दबतो, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे आणि तीन पत्तीत तो बऱ्याच अंशी खराही आहे. होल्डेममध्ये मात्र फ्लॉप (टेबलावर उघडे होणारे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा पत्ता) आणि रिव्हर (पाचवा) असे तीन टप्पे पुढे उरलेले असतात. दर टप्प्यावर पैसे लावण्याची ही सवयच चांगल्या जोडीला सर्वांत जास्त पैसे मिळवून देते. आपण फक्त त्यांचा हात थांबवायचा नसतो. हे समजायला मला पाच बैठका लागल्या.

पहिल्या पाच बैठकांत मी दोन परस्परविरोधी चुका केल्या. पहिली चूक फ्लॉपच्या आधीची होती: एक्के आले की ते लपवण्यासाठी मी केवळ कॉल करत (समोरच्याइतकीच रक्कम भरत) असे, कारण मागचा कोणीतरी रेज करेलच असा माझा भरवसा होता. एका रात्री तो रेज आलाच नाही आणि सहा जण फ्लॉपला पोचले. एका यादृच्छिक हातासमोर एक्क्यांची जोडी शंभरातून सुमारे 85 वेळा जिंकते. पाच हातांसमोर हेच प्रमाण निम्म्याच्याही किंचित खाली येते. त्या रात्री मोठ्या ब्लाइंडवर फुकट बसलेल्या माणसाच्या नव्वी आणि चौकीला दोन्हीकडून जोडी लागली आणि माझ्या 18,000 रुपयांच्या चिप्स गेल्या. दुसरी चूक फ्लॉपनंतरची: समोरच्याने रेज केला की मी लगेच सर्व चिप्स पुढे ढकलत असे. त्यामुळे खोटा हात खेळणारा, म्हणजे हातात काही नसताना जोर लावणारा, पत्ते टाकून निघून जाई आणि तीन पत्ते जुळलेलाच कॉल करी.

आता माझी पद्धत नेमकी उलटी आहे. फ्लॉपच्या आधी मी रेजवर पुन्हा रेज करतो आणि तोही मोठा, जेणेकरून टेबलावरचे बाकीचे बाहेर पडतील आणि आक्रमक खेळाडू व मी असे दोघेच उरू. फ्लॉपनंतर त्याने जोर लावला की मी शांतपणे कॉल करत राहतो.

आठव्या बैठकीतील एक हात येथे सविस्तर देतो. हिरव्या टोपीचे एक गृहस्थ तासाभरात निम्म्याहून अधिक हात रेज करून खेळत होते. ते आधी माझ्या डावीकडे, म्हणजे माझ्यानंतर खेळत होते. त्यांच्या डावीकडची खुर्ची रिकामी होताच मी फ्लोअरवरच्या व्यवस्थापकांना विचारून जागा बदलली, त्यामुळे त्यांची चाल मला आधी दिसू लागली. दोघांकडेही साधारण 40,000 होते. त्यांनी 1,200 चा रेज केला. माझ्याकडे इस्पिक आणि किलवर बादशहा होते. मी 4,000 केले, बाकीच्यांनी पत्ते टाकले, त्यांनी कॉल केला आणि पॉट 8,300 चा झाला.

फ्लॉपवर चौकट गुलाम, चौकट सत्ती आणि किलवर दुर्री आली. त्यांनी चेक केले (पैसे न लावता चाल माझ्याकडे दिली), मी 4,000 लावले, त्यांनी 11,000 केले. पूर्वी मी येथे सर्व चिप्स ढकलल्या असत्या. या वेळी फक्त कॉल केला. टर्नवर बदाम तिर्री आली, त्यांनी 12,000 लावले आणि मी पुन्हा कॉल केला. रिव्हरला किलवर नव्वी पडली आणि त्यांनी उरलेले 13,000 पुढे सरकवले. पॉट 54,300 चा होता. म्हणजे 13,000 भरून एकूण 80,300 च्या पॉटसाठी खेळायचे होते, आणि सहा वेळांतून एकदा जरी माझी जोडी सरस ठरली तरी कॉल बरोबरीत सुटत होता.

त्यांच्याकडे कोणकोणते दोन पत्ते असू शकतात, ते मी मनात मोजले. गुलाम, सत्ती, दुर्री, तिर्री किंवा नव्वी यांपैकी एखाद्याची जोडी हातात असेल तर प्रत्येकी तीन प्रकार, म्हणजे पंधरा, एक्क्यांचे सहा, दोन वेगळ्या जोड्या किंवा सीक्वेन्स लागलेले काही हात, असे ढोबळमानाने पंचवीस हात मला हरवत होते. त्यांच्यासमोर पाच खोटे हात सापडले तरी पुरे होते. हातात चौकट एक्का आणि आणखी एक चौकट असे अपुरे राहिलेले फ्लशच (एकाच जातीचे पाच पत्ते न जमलेले हात) दहा निघतात. मी कॉल केला. त्यांनी बदाम राणी आणि बदाम दश्शी दाखवली. त्यांच्याकडे जोडीसुद्धा नव्हती. फ्लॉपवर मी रेज केला असता, तर हा हात तिथेच टाकला गेला असता आणि टर्न-रिव्हरवरचे 25,000 माझ्याकडे कधीच आले नसते.

या पद्धतीला एक मोठी अट आहे आणि ती मी नवव्या बैठकीत पैसे मोजून शिकलो. एका तरुणाने अर्ध्या तासात चार वेळा रेज केले, म्हणून मी त्याला आक्रमक ठरवले आणि राण्यांची जोडी घेऊन रिव्हरपर्यंत कॉल करत गेलो. त्याच्याकडे तीन अठ्ठ्या होत्या. नंतर लक्षात आले की त्याचा एकही हात शोडाउनला (शेवटी पत्ते दाखवताना) उघडा झालेला मी पाहिला नव्हता. त्याला केवळ चांगले पत्ते येत होते. तेव्हापासून एखाद्याचे किमान दोन खोटे हात डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी त्याच्या नावापुढे वहीत खूण करत नाही. एरवी गप्प बसणारा खेळाडू टर्नवर रेज करतो, तेव्हा एक जोडी टाकून द्यावी, याबद्दल मला आता शंका राहिलेली नाही.

माझ्याजवळ अजून पक्के उत्तर नसलेली गोष्ट म्हणजे बादशहांची जोडी आणि फ्लॉपवरचा एक्का. बादशहा हातात असताना फ्लॉपवर एक्का येण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्के आहे आणि आक्रमक खेळाडू त्या एक्क्याचा धाक हमखास वापरतो. माझ्या वहीत असे दोनच प्रसंग आहेत. एकदा फ्लॉपवर एक कॉल करून टर्नवर पत्ते टाकले, एकदा शेवटपर्यंत गेलो आणि जिंकलो. पुढच्या तीन बैठकांत असा प्रसंग आल्यास, समोरच्याच्या नावापुढे खूण असेल तर टर्नचा कॉलही करायचा आणि रिव्हरला पुन्हा मोजणी करायची, असे ठरवले आहे. तुमच्यापैकी कोणी शोडाउनसह असे हात लिहून ठेवले असतील, तर चिप्सचे आकडे आणि बसण्याची जागा यांसह ते मला जरूर कळवावेत.