एल्टन जॉन: पाच अल्बमांची यादी कुठवर आली

मंडळी, यादी पुढे सरकलीय. नव्याने आलेल्यांसाठी नियम परत सांगतो. ब्रिटिश गायक-पियानोवादक एल्टन जॉनचे पाच स्टुडिओ अल्बम निवडायचे. संकलनं, सिनेमांचं संगीत आणि लाइव्ह रेकॉर्डिंगं बाद. कसोटी एकच: अल्बममधली गाजलेली गाणी बाजूला काढायची आणि उरलेलं सलग लावायचं. उरलेल्यात दम असेल तर अल्बम राहिला, नाहीतर गेला. आपल्यातल्या बहुतेकांना एल्टन भेटला तो १९७४च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मधून. त्यामुळे 'रॉकेट मॅन' आणि 'डॅनियल' तोंडपाठ, पण त्यांच्या शेजारपाजारी कोण राहतं याचा पत्ता नाही, अशी गत. त्यावर हा उतारा.

ऐकतोय सालवारीने. 'एम्प्टी स्काय' (१९६९) लवकर आटोपला; 'स्कायलाइन पिजन'मधला हार्पसिकॉर्ड छान, बाकी त्याला स्वतःचा आवाज अजून सापडायचा होता. १९७०च्या 'एल्टन जॉन'मधून 'युअर साँग' काढलं की संगीत संयोजक पॉल बकमास्टरच्या व्हायोलिनांचा ताफा अंगावर येतो. 'सिक्स्टी इयर्स ऑन' त्या ताफ्यासकट भिडतं, पण इतर काही ठिकाणी पियानो शोधावा लागतो. बाद.

त्याच वर्षीच्या 'टंबलवीड कनेक्शन'मध्ये मात्र बाजूला काढायला काही नाहीच. ब्रिटन-अमेरिकेत त्यातलं एकही गाणं सिंगल (सुटी तबकडी) म्हणून आलं नव्हतं. गंमत अशी, की सगळा अल्बम जुन्या अमेरिकेबद्दल आहे: यादवी युद्ध, बापाची बंदूक, आगगाड्या. आणि गाणी लिहिणारा बर्नी टॉपिन हा लिंकनशायरचा पोरगा, तोवर त्याने अमेरिका पाहिलेलीसुद्धा नव्हती. 'द बँड' नावाच्या रॉक ग्रुपच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून त्याने आपली अमेरिका तयार केली. कव्हरवरचं ते अमेरिकन वाटणारं स्टेशनही इंग्लंडातलंच, ससेक्समधलं हॉर्स्टेड कीन्स. तरी कुठे खोटं वाटत नाही. 'कम डाउन इन टाइम' रात्री हेडफोन लावून ऐका. पियानो वाजवणाऱ्याच्या अल्बममधलं सगळ्यांत हळवं गाणं, आणि ते उभं आहे हार्प आणि ओबोवर.

'बर्न डाउन द मिशन' कीबोर्डवर बसवायला घेतलंय. सुरुवातीला वाटतं सोपं आहे, संथ ठेका, साधे कॉर्ड. मग पट्टी सरकायला लागते, गाणं चढत जातं आणि मधेच लय अशी काही धावते की माझा डावा हात मागे पडतो. परत खाली येतं, परत चढतं. आपल्यातल्या पियानोवाल्यांनी त्याचा लाइव्ह अवतार जरूर ऐकावा. १७ नोव्हेंबर १९७०ला न्यू यॉर्कच्या रेडिओसाठी केलेल्या कार्यक्रमाचा अल्बम आहे, तारीख हेच नाव. बेसवर डी मरी, ड्रम्सवर नायजेल ऑल्सन आणि पियानो, गिटार नाहीच. हेच गाणं तिथे १८ मिनिटांवर जातं. नियमात बसत नाही म्हणून, नाहीतर मी तो डोळे मिटून घेतला असता.

'मॅडमन अक्रॉस द वॉटर' (१९७१)पाशी घोळ झालाय. 'टायनी डान्सर'ला गाजलेलं म्हणायचं का? आज सगळ्या जगाला पाठ आहे, पण तेव्हा ते ब्रिटनमध्ये सिंगल म्हणून निघालंच नाही आणि अमेरिकेत ४१व्या क्रमांकापर्यंत जाऊन थांबलं. कारण उघड आहे. सहा मिनिटांचं गाणं आणि धृपद पहिल्यांदा येतं ते जवळपास अडीच मिनिटांनी. रेडिओवाले कशाला थांबतात! पण ती वाट बघायला लावणं हीच त्या गाण्याची करामत आहे. आधी एकटा पियानो, मग गिटार, मग पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार), आणि धृपद येईपर्यंत आपण पुरते गळाला लागलेले. ते आणि 'लीव्हॉन' दोन्ही काढलं तर 'इंडियन सनसेट' आणि शीर्षकगीत उरतं, पण शेवटाकडे अल्बम ढेपाळतो. सध्या वेटिंगवर.

'हाँकी शातो' (१९७२) पक्का. पॅरिसजवळच्या एरूव्हिलच्या शातोमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यात, मुक्काम ठोकून केलेला अल्बम. गिटारवाला डेव्ही जॉन्स्टन इथून कायमचा आला आणि ताफा सुटसुटीत झाला. टॉपिनने कागद द्यायचा, एल्टनने तो पियानोवर ठेवून चाल लावायची, ही पद्धत यांची पहिल्यापासूनची. हिंदी सिनेमात बहुतेकदा चाल आधी बांधतात. इथला क्रम गदिमांचे शब्द समोर ठेवून बाबूजींनी चाल लावावी तसा. म्हणूनच एल्टनच्या ओळी कुठे लांबतात, कुठे अचानक तुटतात, आणि चाल त्यांना सांभाळून घेते. 'मोना लिसाज अँड मॅड हॅटर्स' घ्या. न्यू यॉर्कवरचं गाणं, साथ किती थोडी, आणि प्रत्येक शब्दाला जागा. 'रॉकेट मॅन' काढूनही हा अल्बम हलत नाही.

'डोन्ट शूट मी' (१९७३)मधून 'क्रोकोडाइल रॉक' आणि 'डॅनियल' काढल्यावर फारसं काही राहत नाही. पुढे.

'गुडबाय यलो ब्रिक रोड'वर (१९७३) वाद होणार हे माहीत आहे, कारण दोन तबकड्या, १७ गाणी, आणि थोडी भरती आहेच. रेकॉर्डिंग जमैकात, किंग्स्टनला करायचं ठरलं होतं; तिथे जमेना म्हणून मंडळी परत फ्रान्सच्या शातोत आली आणि पंधरवड्यात काम उरकलं. चार मोठी गाणी काढली तरी तेरा उरतात. त्यांत सुरुवातीचं 'फ्युनरल फॉर अ फ्रेंड', डेव्हिड हेन्शेलच्या सिंथेसायझरवर उघडून 'लव्ह लाइज ब्लीडिंग'मध्ये घुसणारं, ११ मिनिटांचं. 'ग्रे सील' हे आधी १९७०मध्ये एका सिंगलच्या मागच्या बाजूला पडून होतं, ते इथे नव्याने वाजवलंय. तेवढ्या एका गाण्यातला सुरुवातीचा पियानो मला 'बेनी अँड द जेट्स'पेक्षा प्यारा आहे. 'सोशल डिसीझ' नसतं तर बरं झालं असतं. पक्का.

'कॅरिबू' (१९७४) कसोटीत साफ नापास.

'कॅप्टन फँटॅस्टिक' (१९७५) ऐकताना मी चहा थंड केला. एल्टन आणि टॉपिनचीच गोष्ट, १९६७ ते ६९ची: लंडनमधली ओढाताण, दुसऱ्यांसाठी पाडलेली गाणी, नकार. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला हा पहिला अल्बम, आणि त्यातून सिंगल एकच, 'समवन सेव्ह्ड माय लाइफ टुनाइट', पावणेसात मिनिटांचं. ते काढा, काही बिघडत नाही. 'वी ऑल फॉल इन लव्ह समटाइम्स' थेट 'कर्टन्स'मध्ये मिसळतं, तिथे तबकडी उचलायची हिंमत करू नका. माझ्या यादीत पहिल्या जागेसाठी याची आणि 'टंबलवीड'ची झुंज आहे.

त्यानंतरचा प्रवास भराभर केला. 'व्हिक्टिम ऑफ लव्ह' (१९७९) हा डिस्को अल्बम, एल्टन त्यात पियानोला हातही लावत नाही. मीही तबकडीला परत लावणार नाही. 'टू लो फॉर झीरो' (१९८३) उत्साही आहे, पण त्याची सगळी कमाई 'आय'म स्टिल स्टँडिंग' आणि दुसऱ्या एका गाण्यावर.

म्हणजे चार पक्के. पाचव्या जागेसाठी 'मॅडमन'समोर उभा राहिलाय २००१चा 'साँग्ज फ्रॉम द वेस्ट कोस्ट'. सत्तरच्या दशकातल्या एल्टनच्या भक्तांनो, दगड उचलण्याआधी ऐका: बकमास्टर परत आलाय, काही गाण्यांत ऑल्सन ड्रम्सवर आहे, 'डार्क डायमंड'वर स्टीव्ही वंडर, आणि 'आय वाँट लव्ह' काढलं तरी 'अमेरिकन ट्रँगल' आणि 'ओरिजिनल सिन' उरतात. आवाज जाडा झालाय, पण शब्दांना तो आता जास्त शोभतो. माझं मत सध्या त्याच्या बाजूला झुकतंय. 'ब्लू मूव्ह्ज' (१९७६) नीट ऐकायचा राहिलाय, तोही दोन तबकड्यांचा. तो झाला की पाचवं नाव टाकतो. 'मॅडमन'चं वकीलपत्र कुणाला घ्यायचं असेल तर त्याआधी घ्या.