क्लिप-ऑन काढले आणि केबल्स तोकड्या पडल्या

तासभर मोटरसायकल चालवली की दोन्ही करंगळ्या बधिर व्हायच्या. आधी वाटलं ग्लोव्हज घट्ट आहेत, मग कळलं की क्लिप-ऑनमुळे, म्हणजे पुढे वाकून धरायच्या दोन सुट्या आखूड हँडलांमुळे, छातीचं सगळं वजन तळहाताच्या कडेवर येतंय आणि करंगळीकडे जाणारी नस तिथूनच जाते. गाडी आवडते, विकायची नव्हती, म्हणून ठरवलं की साधं उंच हँडल बसवायचं, आणि तेही घरीच. तयार किट काही गाड्यांसाठी मिळतात, माझ्या गाडीसाठी नाही मिळालं, पण खरं सांगायचं तर मिळालं असतं तरी मी बहुतेक स्वतःच करत बसलो असतो, खाज असते एकेकाला.

पहिली आयडिया अशी की आहेत तेच क्लिप-ऑन वेल्डिंग करून उंच करायचे. बरं झालं नाही केलं. हे भाग हीट ट्रीटमेंट दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असतात, वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो आणि पुन्हा हीट ट्रीटमेंट दिल्याशिवाय ती ताकद परत येत नाही. वरून दिसायला एकदम झकास, आणि एक दिवस ब्रेक दाबताना हँडल हातात. हँडलच्या बाबतीत "चालून जाईल" हा शब्दच वापरायचा नाही, एवढा एकच नियम मी स्वतःला घालून घेतला.

मग राहिला मार्ग वरच्या टीचा, म्हणजे फोर्कचे (पुढचं चाक धरणारे) दोन्ही पाइप जिथे वरून धरलेले असतात ती प्लेट. तिला भोकं पाडून रायझर, म्हणजे हँडल उंच धरणारे ठोकळे, बसवायचे. माझे क्लिप-ऑन टीच्या खाली होते त्यामुळे ते काढायला टी उचलावीच लागली. त्याआधी फोर्कचे पाइप टीच्या वर किती मिलिमीटर आलेत ते मोजून लिहून ठेवलं, दोन्ही बाजू सारख्या बसल्या पाहिजेत. टी उलटी केली तर खालून पोकळ, नुसत्या उभ्याआडव्या बरगड्या आणि मधला पत्रा जेमतेम ५ मिमी! वरून बघून वाटत होतं अख्खा ठोकळा आहे. नुसत्या ५ मिमी कास्ट अ‍ॅल्युमिनियमवर बोल्ट आवळले असते तर कधी ना कधी तिथेच तडा गेला असता. म्हणून वर १० मिमीची अ‍ॅल्युमिनियम प्लेट, खाली बरगड्यांच्या मधे बसेल अशी कापलेली ६ मिमीची स्टीलची पट्टी, आणि दोन्हीमधून आरपार एम १० चे बोल्ट, नट आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप ढिले न होणारे. सँडविचच. बोल्टच्या डोक्यावर ८.८ लिहिलेलं बघूनच घेतले. पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलला तुटतो, आणि .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जायला लागतो. डोक्यावर काहीच लिहिलेलं नाही असा बोल्ट कपाटाच्या बिजागरीला ठीक आहे.

प्लेट कापायच्या आधी जाड पुठ्ठ्याची करून बघितली. तीन वेळा. एकदा इग्निशनच्या किल्लीवर आली, एकदा हँडल पूर्ण वळवलं की रायझर टाकीला लागत होता. पुठ्ठा फुकट गेला तर काही वाटत नाही, १० मिमी प्लेट हॅक्सॉने कापून कानस मारून गोल केल्यावर मात्र जिवावर येतं.

हे सगळं एका शनिवार-रविवारात झालं. हँडल २२.२ मिमीचं घेतलं, क्लिप-ऑनही तेवढ्याच जाडीचे होते त्यामुळे स्विच, लिव्हर, ग्रिप सगळं जुनंच बसणार. रायझरमधे चढवलं, लांब उभा राहून बघितलं, जिंकलो असं वाटलं. हत्ती गेला होता, शेपूट राहिलं होतं, फक्त या हत्तीचं शेपूट हत्तीपेक्षा मोठं निघालं.

हँडल साधारण ९० मिमी वर आणि ६० मिमी मागे आलं होतं. क्लचची केबल पोचेना. अ‍ॅक्सिलेटरची कशीबशी पोचली. ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, तर तोकडाच. इथे एक गोष्ट नीट सांगतो कारण मी आधी चुकीचं मोजलं होतं: गाडी स्टँडवर सरळ उभी असताना माप घेऊन उपयोग नाही. पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांब होऊ द्यायचा, मग हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, आणि या सगळ्यात जे सगळ्यात मोठं अंतर येईल ते खरं. मी सुतळी बांधून मोजलं, होज १२० मिमी जास्त लागला. क्लचची केबल आणि होज दोन्ही त्या मापाचे बनवून घेतले. होजची टोकं घरी दाबायच्या भानगडीत पडू नका, ते प्रेसचं काम आहे. होजचं टोक धरणाऱ्या पोकळ बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूचे तांब्याचे वॉशर मात्र नवे टाकायचे, जुने एकदा चेपलेले असतात.

मग ब्रेकच्या होजमधली एअर काढणं. होजचं वरचं टोक आता सगळ्यात उंच आलं होतं, हवा नेमकी तिथेच जाऊन बसायची आणि खालून कितीही ब्लीड केलं (ऑइल सोडून हवा काढली) तरी लिव्हर स्पंजसारखा. शेवटी लिव्हर रबरने हँडलला दाबून बांधला आणि रात्रभर सोडून दिला, सकाळी बराच कडक झालेला. उरलेली हवा वरचा बँजो हलकाच सैल करून काढली, फडकं गुंडाळून, कारण डॉट ४ ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग गेलाच समजा.

आता माझा मूर्खपणा. स्विचच्या डब्यात आत एक छोटी पिन असते, ती हँडलच्या भोकात बसते म्हणजे डबा गोल फिरत नाही. बरेच जण ती पिन कानसने घासून टाकतात. मला ते पटत नाही, अ‍ॅक्सिलेटरचा डबा हँडलवर फिरला तर केबल ओढली जाणार. म्हणून मी हँडलला भोक पाडलं. टेबलावर. अंदाजाने. गाडीवर बसून बघतो तर ब्रेकचा लिव्हर आकाशाकडे. त्याच्या शेजारी दुसरं भोक पाडलं असतं तर पाइप तिथेच कमजोर झाला असता, मग ते हँडल बाद, दुसरं आणलं. या वेळी गाडीवर बसून, डोळे मिटून हात सहज ठेवले, बोटं लिव्हरवर कोपरापासून सरळ रेषेत येतात का बघितलं, खूण केली आणि मगच ड्रिल.

पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा जागेवरच हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि रेस आपोआप वाढली! अ‍ॅक्सिलेटरची केबल पोचली होती खरी, पण ढील शून्य. चालत्या गाडीवर यू-टर्न घेताना हे झालं असतं तर काय, विचारच नको. केबल फोर्कच्या पुढून न नेता मागून नेली, तेवढ्याने ढील मिळाली. त्यानंतर इंजिन चालू ठेवून दोन्ही बाजूंना दहा-दहा वेळा वळवलं, क्लचलाही लिव्हरपाशी २-३ मिमी मोकळेपणा राहतोय ना बघितलं.

चालवायला कशी? करंगळ्या जाग्या आहेत. हँडल रुंद असल्यामुळे गाडी वळायला हलकी झाली, इतकी की पहिले दोन दिवस मी जास्तच वळवत होतो. पुढचं चाक वेगात जरा हलकं वाटतं कारण वजन मागे सरकलं, आणि वारा सगळा छातीवर. फूटरेस्ट मात्र अजून मागेच आहेत, त्यामुळे वरून मी खुर्चीत बसल्यासारखा आणि खालून रेसर, फोटोत विचित्र दिसतं. ते नंतर बघू.

सगळ्या बोल्टवर पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. २०० किमीनंतर तपासलं, तीन जागच्या जागी, रायझरचा उजवा पुढचा मात्र रेघेपासून किंचित सरकलेला. तो काढून थ्रेड लॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावून परत आवळला. क्लिप-ऑन पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेत, त्यांचे बोल्ट त्यांच्यातच लावून.