दहा सेंटिमीटरचा उतार

माझं टायर आणि व्हील अलाइनमेंटचं दुकान सोलापुरात होटगी रोडला आहे. दिवसभर चाकांचे कोन, हवा आणि लोकांच्या तक्रारी. गाडी डावीकडं ओढतीय, स्टिअरिंग थरथरतंय, नवे टायर एका बाजूनं झिजले. पण गेल्या डिसेंबरात, गड्ड्याची जत्रा भरायच्या महिनाभर आधी, दोन साडू एकदमच दुकानात आले आणि म्हणाले, "वस्ताद, तुम्हीच न्याय करा."

एक साडू चादर कारखान्याचे शेठ, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले. त्यांची बीवायडी सील, मधल्या मॉडेलची, 230 किलोवॅट ताकदीची. दुसरे डॉक्टर. त्यांची बीएमडब्ल्यू आय-4, ईड्राइव्ह 40, 250 किलोवॅटची. दोन्ही इलेक्ट्रिक, दोन्हींचा जोर मागच्या चाकांवर, वजनं दोन टनांच्या वर. शून्य ते शंभर किलोमीटर वेगाला कंपनीचा आकडा सीलचा 5.9 सेकंद, आय-4 चा 5.7. भांडायला जागा दोन दशांशांची! पण शेठच्या पुतण्यानं मोबाइलवरच्या अॅपनं सीलचे 5.6 काढून घरच्या ग्रुपवर टाकले होते, आणि डॉक्टरांना ते झोंबलं होतं.

माझ्याकडं एका रॅलीवाल्या पोराकडून घेतलेला जुना जीपीएस मीटर आहे. काचेला चिकटतो, सेकंदाला 10 वेळा वेग टिपतो. हायवेवर असले उद्योग करणार नाही म्हणून आधीच सांगितलं. तेव्हा शेठनी ओळखीतल्या एका बंद सूतगिरणीचा आतला रस्ता काढला. सिमेंटचा, सरळ, चारशे मीटर. शंभर गाठायला नव्वदेक मीटर आणि थांबायला चाळीसेक, म्हणजे जागा भरपूर.

रविवारी सकाळी सातला पोचलो. वॉचमननं कुलूप काढलं, रस्त्यावरची माती खराट्यानं लोटली. टायर माझा धंदा, त्यामुळं आधी चारही चाकांची हवा बघितली. सीलच्या मागच्या एका चाकात कमी होती, भरली.

पहिली फेरी डॉक्टरांची, गेटापासून आत. मी शेजारी बसलो. हे लिहिताना अजून मान आठवते. पेट्रोल गाडीत आधी आवाज येतो, मग ओढ येते, मध्ये गिअर पडला की श्वास घ्यायला उसंत मिळते. इथं काहीच नाही. मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, उभ्या जागेपासून पूर्ण, गिअर एकच. डॉक्टरांनी पाय दाबला आणि डोकं सीटवर आपटलं. चाक घसरलं की लागणारा ट्रॅक्शनचा पिवळा दिवा दोनदा लुकलुकला, कारण उरलीसुरली माती चाकाखाली होतीच. मीटरवर 5.8.

शेठ आपली गाडी घेऊन हळूहळू मागनं आलेच होते. मीटर काढला, त्यांच्या काचेला चिकटवला, आणि तिथूनच उलटं, गेटाच्या दिशेनं सुटलो. 6.4.

शेठ काही बोलले नाहीत. डॉक्टर मात्र बोलले. "काय हो, ग्रुपवरचे 5.6 कुठं गेले?"

पुतण्यानं पुन्हा अॅप लावलं, मी त्याचा मोबाइल हातात घेतला. सेटिंगमध्ये 'एक फूट रोलआउट' चालू होतं. ही अमेरिकेतल्या ड्रॅग शर्यतींची पद्धत. तिथं गाडी पहिला फूटभर सरकली की मगच घड्याळ सुरू होतं. ऐकायला फूटभर, पण गाडी तो फूट सगळ्यात हळू कापते, त्यामुळं अडीच-तीन दशांश सेकंद तिथंच गायब होतात. ते बंद केलं की 5.6 चे 5.9 होतात, म्हणजे कंपनीच म्हणते तेवढे. पुतण्या म्हणाला, "काका, त्यापेक्षा सीलचीच ती चारही चाकांवर जोर असलेली, 3.8 सेकंदवाली घ्यायला पाहिजे होती." शेठनी त्याच्याकडं बघितलं, पुतण्या गप.

पण 6.4 चं काय? तेवढ्यात वॉचमन मागनं म्हणाला, "साहेब, तुमची गाडी चढाला लावल्यावर कशी पळंल? पावसाळ्यात गेटाकडचं समदं पाणी आतच वाहतंय की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सतरा वर्षं एक मिलिमीटरच्या फरकावर चाकं लावतोय आणि रस्ता बघितला नाही. गिरणीच्या गोदामात गवंड्याची लेव्हलची नळी पडली होती. पाणी भरून पुतण्याला दहा मीटरवर उभं केलं. पाण्याची रेघ दोन्हीकडं एका पातळीत, रस्ता मात्र दहा सेंटिमीटर खाली. शंभराला एक. डोळ्याला सपाट दिसतो. पण अशा उतारावर गाडीच्या वेगवाढीत दोन टक्के जमा किंवा वजा होतात, म्हणजे सहा सेकंदांत सव्वा दशांश. एकाला उतार आणि दुसऱ्याला चढ मिळाला की फरक अडीच दशांशांचा. या दोन गाड्यांतला कागदावरचा सगळा फरक तर दोनच दशांश.

मग म्हटलं, डिकी उघडा. शेठच्या डिकीत चादरींचा गठ्ठा, साठेक किलोचा. "नमुने हायेत वस्ताद, सोमवारी पार्टीला दाखवायचेत." दोन टनात साठ किलो, तेही दीड-दोन दशांश खाणारच. शिवाय शेठ स्वतः नव्वदीच्या वर आणि डॉक्टर बासष्ट किलोचे, पण तो विषय मी काढला नाही.

गठ्ठा उतरवून वॉचमनच्या खोलीत ठेवला. आता रीतसर, दोन्ही दिशांना. सील: चढाला 6.2, उताराला 6.0. आय-4: चढाला 6.0, उताराला परत 5.8. सरासरीत डॉक्टर दोन दशांशांनी पुढं. माझ्या जुन्या मीटरवर एवढ्या फरकासाठी मी कोर्टात शपथ घेणार नाही, हेही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे जिंकलो तर मीच." शेठ म्हणाले, "तुमच्या गाडीच्या किमतीत किती गाड्या येतील ते बघा आधी." पुढचा अर्धा तास तोच विषय, मी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढली.

रात्री नऊला शेठचा फोन. "वस्ताद, गठ्ठा तिथंच राहिला की! वॉचमनला फोन केला तर म्हणतोय, शेठ, एक फोडलीय, थंडी लई हाय."