अंदाजपत्रकातला तिसरा आकडा

स्थानिक कारभारावर मत बनवायचं तर भाषणं सोडा, अंदाजपत्रक उघडा. मूळ तरतूद, सुधारित तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी मांडा. घोषणा पहिल्यावर होते, काम तिसऱ्यावर. गटारसफाईला 100 ठेवले, सुधारित 60 झाले आणि खर्च 22च, तर ‘पैसा नव्हता’ हे कारण टिकत नाही. बहुधा निविदाच उशिरा निघालेली असते. आर्थिक वर्षाच्या शेवटच्या महिन्यात धडाधड बिलं निघाली असतील, तर मोजमाप पुस्तिकेची, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवलेल्या वहीची, प्रत मागा: लांबी, रुंदी, जाडी, तारीख. रस्त्याची जाडी वरून दिसत नाही, म्हणून काटकसर तिथेच होते. (टेप घेऊन फिरणारा नागरिक कुणालाच आवडत नाही, असो.) मागणी तोंडी नको. लेखी द्या आणि पोचेवर आवक क्रमांक पडल्याशिवाय खिडकी सोडू नका.