शिळी बातमी

१९९९च्या ऑगस्टमध्ये, ऐन डवरणीच्या दिवसांत, आमचा एक बैल आजारी पडला. कारगिलचे युद्ध जुलैअखेर थांबले होते, तरी यजमानांची पलटण अजून वरच होती. मी निळ्या आंतर्देशीय पत्रावर सगळी हकीकत लिहिली, पत्त्याच्या शेवटी नेहमीप्रमाणे ‘मार्फत ५६ एपीओ’, म्हणजे लष्कराच्या टपाल कार्यालयाचा क्रमांक, घातला आणि चिखलीला जाणाऱ्या एसटीच्या वाहकाजवळ पत्र दिले. उत्तर आले तेव्हा पोळा चार दिवसांवर होता. ‘बैलाला गुरांच्या दवाखान्यात ने, हयगय करू नकोस,’ असे त्यात होते. बैल आम्ही पंधरा दिवसांपूर्वीच धुऱ्यालगत पुरला होता.

फौजीच्या संसारात तिसरे माणूस कसे शिरते, याची चर्चा आमच्या भागात चवीने होते आणि बहुतेकांना ती केवळ देहाची गोष्ट वाटते. मला तसे वाटत नाही. दिवसभरात घरात जे घडते ते त्याच दिवशी ऐकून घेणारे माणूस नसणे, ही त्याआधीची उपासमार असते. आणि ती ऐकीव नव्हे, माझी स्वतःची आहे. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले एक गुरुजी होते. ‘बैल कसा आहे?’ हे त्यांनी मधल्या सुट्टीत रोज विचारले, आणि बैल गेला त्या दिवशी मी रडले ती त्यांच्यासमोर. पुढे काही घडले नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. मात्र सकाळी काही झाले की ‘हे आज गुरुजींना सांगायचे’ असे मनात येऊ लागले होते. रात्री तीच गोष्ट पत्रात लिहिताना ती दुसऱ्यांदा सांगितल्यासारखी वाटे, आणि माझी पत्रे आखूड होत गेली. सासूबाईंनी एकदाच विचारले, ‘काहून वं, शाळा उशिरा सुटली का आज?’

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक सुट्टी असते, पण ती तुकड्यातुकड्यांनी मिळते. यजमान झेलम एक्सप्रेसने भुसावळला उतरत ते बहुधा सोयाबीन काढणीच्या वेळी. मग मळणी, तलाठ्याकडची कामे, लग्नकार्ये. पहिल्या चार-पाच रात्री त्यांनी कूस बदलली तरी मी दचकून उठत असे, आणि सवय होईपर्यंत काळी ट्रंक पुन्हा भरायला घ्यावी लागे. पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंब नेता येईल अशा शांत ठाण्यावर, क्वार्टर मिळे तेव्हाही माझी नोकरी आणि सासूसासऱ्यांचे वय आडवे आले.

आता बातमी शिळी होत नाही, उलट फार लवकर पोहोचते. आमच्या गल्लीतील एक सून खताच्या दुकानातील मुलाच्या मोटारसायकलवर दिसली, तर तिच्या नवऱ्याला ते त्याच संध्याकाळी कळले. त्याने आधी फोन बंद केले, नंतर पैसे. पुढे उघड झाले की त्याचेच एका शहरातल्या पोस्टिंगपासून तिथे दुसरे घर होते. त्यावर गावाचे म्हणणे एवढेच, की माणूस इतके महिने बाहेर राहतो, चालायचेच. १९५०च्या आर्मी अ‍ॅक्टप्रमाणे पत्नीच्या आणि मुलांच्या पोटगीची रक्कम जवानाच्या पगारातून कापता येते, म्हणून तिच्या वतीने कमांडिंग ऑफिसरच्या नावाचा अर्ज मी लिहिला. लिहीत असताना मान खाली घालून तिने सांगितले की मोटारसायकलची गोष्टही अगदीच खोटी नव्हती. मी अर्ज पुरा केला.

भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७मध्ये व्यभिचार हा परपुरुषाने नवऱ्याविरुद्ध केलेला गुन्हा होता. बायकोला तक्रारीचा अधिकारच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते कलम रद्द केले, आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले की त्या निकालामुळे सैन्यदलांना आपल्या कायद्यांखाली शिस्तभंगाची कारवाई करण्यास अडथळा येत नाही. त्यामागचे कारण मला समजते, कारण चौकीवर उभ्या असलेल्या माणसाला मागे राहिलेल्या सोबत्यांवर विश्वास टाकावाच लागतो. परंतु अशा प्रकरणांत अधिकाऱ्यांवर ‘सहकारी अधिकाऱ्याच्या पत्नीचे प्रेम चोरल्याचा’ ठपका येतो, तेव्हा तो चोरी हा शब्द मला खटकतो. जणू बायकोचे प्रेम ट्रंकेत कुलूपबंद होते, आणि तिला त्यातले काहीच ठाऊक नव्हते!

यजमान निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. मागच्या उन्हाळ्यात अंगणात तूर निवडताना मी त्यांना गुरुजींविषयी सांगितले. ते सुपातले खडे वेचत राहिले. मग म्हणाले, ‘तुझे पत्र आले की मी दोन दिवस फोडत नसे. आत जे काही असेल ते होऊन गेलेलेच असायचे.’ बऱ्याच वेळाने त्यांनी गुरुजींचे नाव विचारले. मी सांगितले.