वडिलोपार्जित वेब्ली आणि तिचा परवाना : माझा अनुभव

ऑगस्ट २०२२ मध्ये अण्णा गेले आणि दिवसकार्य आटोपताच आईने तिजोरीतून त्यांचे रिव्हॉल्व्हर, पंचवीस काडतुसे आणि परवाना काढून माझ्या हाती देत बजावले, ‘‘आज हे ठाण्यात जमा करून ये, मगच जेवायला बस.’’ परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याचे शस्त्र घरात ठेवण्याचा अधिकार वारसालाही आपोआप मिळत नाही. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते, ही गोष्ट अण्णांनी तिला कधीतरी सांगून ठेवली होती. मला ती ठाऊक नव्हती.

हे रिव्हॉल्व्हर आजोबांनी घेतलेले, बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे, .३२ बोअरचे मार्क ४. डाव्या बाजूची कळ अंगठ्याने दाबली की नळी पुढे कलते आणि मधली चांदणी वर येऊन सहाही पुंगळ्या एकदम बाहेर टाकते. ही करामत अण्णा रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करून दाखवीत आणि आम्ही भावंडे पंख फुटलेल्या गोळीची ती कोरलेली कंपनीची खूण न्याहाळत बसत असू. जुन्या हातशस्त्रांचे वेड मला तिथूनच लागले. पुढे पुण्याच्या केळकर संग्रहालयातील शस्त्रांच्या कपाटांपुढे मी तासन्‌तास उभा राहिलो आणि आपलाही छोटासा संग्रह असावा असे मनाशी घोळवू लागलो. त्या स्वप्नाची मर्यादा किती, हे मला या वारसा-प्रकरणात कळले.

पहिला सल्ला काकांचा होता : ‘‘एवढी जुनी वस्तू, ती तर अँटिक झाली, तिला परवाना कशाला?’’ असा समज अनेकांचा आढळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. शंभर वर्षांची अट आहे ती १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यात, आणि तिचा शस्त्र परवान्याशी संबंध नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ कालबाह्य, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देते खरे; पण ते दुरुस्त करूनही बार काढण्याच्या कामी येणार नाही, अशी त्याची स्थिती असावी लागते. आमच्या रिव्हॉल्व्हरला लागणारी काडतुसे आजही मिळतात. अण्णांच्या काडतुसांच्या बुडाशी तर खडकीच्या कारखान्याची ‘के.एफ.’ ही अक्षरे होती आणि कानपूरला तयार होणारे .३२ चे सरकारी रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या घडणीवर बेतलेले आहे. तेव्हा सूट मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नळी बुजवून ते शोभेची वस्तू म्हणून ठेवावे, असेही एकाने सुचविले. ते माझ्याच्याने झाले नसते.

मग जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत अर्ज केला. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात हाच अर्ज आयुक्तांकडे जातो. आई आणि ताई यांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रे, मृत्यूचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार लागणारे हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, एवढे कागद जमविण्यात दोन महिने गेले. पोलीस चौकशी मात्र अपेक्षेपेक्षा सौम्य झाली.

घोडे अडले ते एका आकड्यावर. परवान्यावर शस्त्राच्या क्रमांकाचा शेवटचा अंक ८ होता आणि ठाण्याच्या जमा पावतीवर ३. परवाना आणि शस्त्र वेगवेगळे असल्याचा शेरा मारून फाइल परत आली. पोलीस मुख्यालयातील आर्मररने, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या कारागिराने, रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यावर चिमूटभर पावडर चोळली, वरची फडक्याने पुसून घेतली आणि भिंग धरले, तेव्हा पांढऱ्या रेषांनी भरलेला ३ स्पष्ट उमटला. आजोबांच्या हस्तलिखित परवान्यावरून अण्णांचा परवाना उतरवताना कोणीतरी ३ चा ८ केला होता आणि पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तो तसाच वाहत आला होता. आर्मररचा अहवाल, माझे प्रतिज्ञापत्र आणि संगणकीय नोंदीतील दुरुस्ती यांत जवळजवळ वर्ष गेले. प्रकरण मार्गी लागते आहे असे वाटत असतानाच १६ मार्च २०२४ रोजी लोकसभेची आचारसंहिता लागली. त्या काळात लोकांकडची शस्त्रेच जमा करून घेतली जातात. माझे बाहेर कोण काढणार?

जुलैमध्ये परवाना हातात पडला, पाच वर्षांच्या मुदतीचा. शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन वर्षांची असे. त्याच दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या दोनांतच धरले जाते. म्हणजे माझा संग्रह फार तर दोन नगांचा. परदेशी शस्त्रांची आयात सर्वसामान्यांसाठी गेली काही दशके बंद असल्यामुळे जुन्या वेब्लींच्या किमती अशा चढल्या आहेत की तो दुसरा नग बहुधा माझ्या वहीतील टिपणांतच राहील.

मुद्देमाल कारकुनाने मालखान्यातून सुतळीने बांधलेली पुरचुंडी काढली. दोन पावसाळे तेलाचा थेंब न मिळाल्यामुळे नळीच्या तोंडाशी आणि चापाभोवती तांबूस ठिपके धरले होते. थोडे शुल्क देऊन ते विक्रेत्याकडे ठेवले असते आणि तेलपाणी करायला सांगितले असते, तर हे टळले असते. तेवढी एक चूक माझी. कारकुनाने नवा परवाना डोळ्यांजवळ धरून क्रमांक एकेक अंक मोठ्याने वाचला, मी तो रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवून ताडून पाहिला आणि शेवटच्या तीनवर आम्ही दोघेही क्षणभर थांबलो. मग त्यांनी काडतुसे मोजायला घेतली.