राधानगरीचे दरवाजे, फोंड्याचा घाट आणि माझा डावा हात

दोन वर्षांपूर्वी दाजीपूरहून परत आलो, तेव्हा घराच्या गेटची कडी मला डाव्या हाताने निघेना. अंगठ्याच्या बुडापासून मनगटापर्यंत नुसता ठणका. बायकोने उतरून कडी काढली, काही बोलली नाही. त्या रात्री मी गाडी विकायचा विचार पहिल्यांदा केला.

उद्यमनगरात माझं छोटं मशिन शॉप आहे. पंचवीस-सव्वीस वर्षं लेथवर उभा राहिलोय. डॉक्टर म्हणाले, हाताने आवळून धरायची कामं कमी करा. लेथवरची जड कामं मी पोरांकडे दिली. पण मोटारसायकल कोणाकडे देणार? राधानगरीवरून दाजीपूर, तिथून फोंडा घाट उतरून परत, ही फेरी मी लग्नाच्या आधीपासून करतोय. त्यात आमचा कोल्हापूरचा हिवाळा म्हणजे उसाचा हंगाम. साने गुरुजी वसाहत सोडून पुईखडी चढलात की ट्रॅक्टर लागलेच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर मोळ्या इतक्या की पुढचं काही दिसत नाही. हळदी ते भोगावती त्यांच्या मागे पंधराच्या वेगाने चालायचं म्हणजे हाफ क्लच, डाव्या हाताची दांडी अर्धी दाबून धरायची, सोडा, परत हाफ क्लच. माझ्या जुन्या गाडीचा क्लच जड होता. परत येईपर्यंत हात हातात राहायचा नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात होंडाची सीबी ६५० आर घेतली, ई-क्लचवाली, म्हणजे क्लच हाताने न दाबता गाडीच सांभाळते. २०२३ मध्ये कंपनीने हे तंत्र जाहीर केलं आणि भारतात ही गाडी २०२५ च्या मे महिन्यात आली. ६४९ सीसी, चार सिलिंडर, ९५ पीएस. खरं सांगतो, मला एवढ्या ताकदीची गरज नव्हती. मी क्लच विकत घेतला, गाडी त्याच्याबरोबर आली.

गाडी शॉपवर आणली त्या दिवशी शेजारच्या गॅरेजचे नाना आले. सत्तरी ओलांडलेले मिस्त्री. गाडीभोवती एक चक्कर मारली आणि डाव्या मुठीवर बोट ठेवून म्हणाले, "क्लचची दांडी हाय की रं. मग नवीन काय केलंय?"

"नाना, दांडी आहे, पण दाबायची नाही. दाबली तरी चालते."

"अशा बिनक्लचच्या गाड्या आमी लई बघितल्यात. हिरो होंडाची स्ट्रीट हुती, टीव्हीएसची जाईव्ह हुती."

नानांचं बरोबर होतं, आणि फरक तिथेच आहे. तशा गाड्यांत फिरण्याच्या जोरावर चालणारा क्लच असतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि पकड बसते. दांडी नाहीच, त्यामुळे चालवणाऱ्याच्या हातात काही नाही. ई-क्लचमध्ये आतला क्लच नेहमीचाच, प्लेटांचा. इंजिनाच्या उजव्या कव्हरवर एक डबी बसवलीय, तिच्यात दोन छोट्या मोटर आणि वेग कमी करणारे गिअर. चाकांचा वेग, थ्रॉटल किती उघडलाय, इंजिनाचे फेरे, गिअरच्या दांडीवर पायाचा दाब, हे सगळं बघून त्या मोटर क्लच ओढतात आणि सोडतात. ह्या सगळ्याचं वजन साधारण दोन किलो. गिअर मात्र पायानेच टाकायचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कव्हरच्या आत आहे. क्लच सोडवणारा शाफ्ट अखंड नाही, तीन तुकड्यांत आहे. एक भाग मोटरचा, एक केबलचा, एक प्रत्यक्ष क्लचकडे जाणारा. त्यामुळे मोटर काम करत असताना हाताला ओढ बसत नाही आणि हाताने दांडी ओढली तर मोटर आडवी येत नाही. दोन मालक एकाच नोकराला कामाला लावतात आणि भांडण होत नाही! आयुष्यभर शाफ्ट वळवलेल्या माणसाला हे कळलं की काय वाटतं, ते लिहून सांगणं अवघड आहे. नानांना कागदावर काढून दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले, "डोस्कं लावलंय गड्यानं."

या जानेवारीत आम्ही दोघं फोंड्याला निघालो. रंकाळ्यावर अजून धुकं होतं. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू केली, डिस्प्लेवर हिरवा ए दिसला, म्हणजे ई-क्लच चालू, दांडीला हात न लावता पहिला गिअर टाकला. गाडी जागची हलत नाही. थ्रॉटल जरा उघडला की लोण्यासारखी सरकते. पहिले पंधरा दिवस माझा डावा हात ऐकत नव्हता. पाय गिअरकडे गेला की चार बोटं आपोआप दांडीवर. त्यात बिघडत काहीच नाही. दांडी दाबली की ए विझतो, गाडी साध्या गाडीसारखी चालते, सोडल्यावर थोड्या वेळाने ए परत येतो. पण मग हात विश्रांती कधी घेणार? शेवटी मी डाव्या मुठीला चारही बोटं गुंडाळून चालवायचा सराव केला, रोज सकाळी शॉपला जाताना.

पुईखडीच्या पुढे अपेक्षेप्रमाणे ट्रॅक्टर भेटला. दोन ट्रॉल्या, मागून गळणारं पाचट. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही त्याच्या मागे. थ्रॉटल मिटला की गाडी इंजिनावर हळू होते, अगदी थांबायच्या बेतात आली की क्लचची पकड सुटते, इंजिन बंद पडत नाही. परत उघडला की पकड बसते. उजवा पाय मागच्या ब्रेकवर हलका ठेवला की चाल एकसारखी राहते. हळदी आली, भोगावतीचा कारखाना आला, उसाच्या रसाचा गोडसर वास आला, आणि माझ्या लक्षात आलं की मी मघापासून बायकोशी बोलतोय. जुन्या गाडीवर या टप्प्यात मी दात आवळून गप्प असायचो.

तीही म्हणाली, "अहो, तुमच्या हेल्मेटला माझं हेल्मेट एकदाही आपटलं नाही की." गिअर बदलताना गाडी क्षणभर इंधन आणि ठिणगी तोडते आणि त्याच वेळी क्लचची पकड किंचित सैल करते, त्यामुळे झटका मागच्या सीटपर्यंत पोचत नाही. मी तिला एवढंच सांगितलं की आता गाडीच्या हाताला माझ्यापेक्षा सवय आहे.

राधानगरीला चहा घेऊन आम्ही फेजिवड्याला धरणाकडे वळलो. इथे आप्पा मला लहानपणी आणायचे. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण, आणि त्याचे ते सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ३४७.५० फुटांवर गेलं की दरवाजे आपले आपण उघडतात. वीज लागत नाही, कोणी माणूस चाक फिरवत नाही. पाण्याचा दाब आणि दरवाजाचं वजन यांचा तोल साधलेला आहे, तो पाण्याच्या बाजूने कलला की दार उघडतं. पावसाळ्यात "राधानगरीचे दरवाजे उघडले" ही बातमी आली की आख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतं, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आप्पा म्हणायचे, "बघ, राखणदार झोपला तरी दार आपलं काम चुकत नाही." जानेवारीत दरवाजे बंद होते, पाणी निळं आणि शांत. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. आप्पांना ही गाडी दाखवता आली असती तर, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

दाजीपूरपर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. हे गव्यांचं अभयारण्य १९५८ चं, महाराष्ट्रातलं पहिलं. गवा दिसला नाही, पण गाडी मिटल्या थ्रॉटलवर पुटपुटत चालवताना पाखरं ऐकू आली.

फोंडा घाट उतरताना मला खरी काळजी होती. उतारावर इंजिनाचा अटकाव मिळणार का? मिळाला, पूर्ण. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी इंजिनावर बांधल्यासारखी उतरते. वळणं खाली कोकणाकडे उघडत जातात, हवा वळणागणिक गरम होते. गिअर मात्र स्वतः उतरवावे लागतात, हे विसरता येत नाही. एका वळणात ट्रक आडवा आला आणि मी चौथ्यातच थांबलो. डिस्प्लेवर सूचना आली, खालचा गिअर घे म्हणून. तशीच उचलली असती तर उचलली असती, पण प्लेटा घासल्या असत्या. ज्याला प्लेटा जळाल्याचा वास माहीत आहे तो तसं करत नाही. पायाने तीनदा दाबून पहिला घेतला, मग निघालो.

फोंड्यात जेवून वर चढताना आणखी एक गोष्ट शिकलो. चढावर गाडी थांबली की क्लचची पकड सुटलेली असते, म्हणजे गाडी मागे यायला मोकळी. मागचा ब्रेक दाबूनच ठेवायचा, थ्रॉटल उघडून पकड जाणवली की सोडायचा. आणि एका अरुंद जागी गाडी वळवताना मी सरळ डाव्या हाताने दांडी धरली. तिथे मला माझाच हाफ क्लच हवा होता. दांडी ठेवलीय ती याचसाठी.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती कोणाकडूनही होईल. संध्याकाळी साने गुरुजी वसाहतीपाशी ट्रॅफिकमध्ये थांबलो होतो, इंजिन चालू, पहिला गिअर पडलेला. बायको काहीतरी म्हणाली म्हणून मागे वळलो आणि उजवं मनगट जरा फिरलं. गाडी हातभर पुढे गेली. पुढे एक आजी नातवाला घेऊन रस्ता ओलांडत होत्या. ब्रेक वेळेत लागला, पण माझ्या छातीत धडधडायला लागलं. साध्या गाडीवर पहिल्या गिअरमध्ये थांबलं की हात क्लच दाबून असतो, तो आपल्याला जागं ठेवतो. इथे ती आठवण करून देणारा हात मोकळा आहे. तेव्हापासून दहा सेकंद थांबायचं असलं तरी मी न्यूट्रल करतो, आणि शॉपच्या पोरांना गाडी देताना हेच आधी सांगतो.

घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बायको सवयीने उतरायला लागली. मी न्यूट्रल केलं, म्हटलं, बस तू, आणि बसल्या जागेवरून डावा हात लांब करून गेटची कडी काढली.